साओ पावलो: वार बघून आखायची सहल

साओ पावलोला समुद्र नाही. रिओसारखे डोंगर नाहीत, पोस्टकार्डावर छापावं असं एकच एक ठिकाण नाही. विमानतळावरून शहरात येताना लागतात ते तुंबलेले रस्ते आणि नजर पोहोचेल तिथवर करडे टॉवर. म्हणून आपल्याकडचे बरेच प्रवासी इथे विमान बदलतात आणि पुढे जातात. माझ्या मते ब्राझीलची संस्कृती पाहायची तर याच शहराला निदान पाच-सहा दिवस द्यावेत. संग्रहालयं, नाट्यगृहं, संगीत, स्थापत्य, जपानी-इटालियन-आफ्रिकी वस्त्या हे सगळं इथे एका मेट्रोच्या जाळ्यात सापडतं.

अडचण एकच. हे शहर वारावर चालतं. कुठलं संग्रहालय कधी बंद, कुठे कधी फुकट, कुठला रस्ता कधी गाड्यांना बंद, हॉटेलात कुठला पदार्थ कुठल्या दिवशी, हे सगळं ठरलेलं असतं. ठिकाणांची यादी करून जवळची-लांबची अशी वाटणी केली, तर सोमवारी बंद दरवाजे बघत फिरावं लागतं. म्हणून आधी वार मांडा आणि मग ठिकाणं त्यांत बसवा.

निघण्यापूर्वी

भारतीय पारपत्रावर ब्राझीलचा व्हिसा आधीच काढावा लागतो. मुंबईत ब्राझीलचा वाणिज्य दूतावास आहे. भारतातून थेट विमान नाही. अदिस अबाबा, दुबई, दोहा किंवा युरोपातून जावं लागतं.

दुसरी गोष्ट लोक विसरतात आणि परतताना अडकतात, ती म्हणजे पीतज्वराची लस. ब्राझीलहून भारतात येणाऱ्याकडे तिचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळावरूनच विलगीकरणात जावं लागू शकतं. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते. केंद्रांवर ठरावीक दिवशीच लस देतात, म्हणून व्हिसाच्या कामाबरोबरच हेही उरकून घ्या.

संग्रहालयांची तिकिटं इंटरनेटवर काढताना बऱ्याचदा 'सीपीएफ' नावाचा क्रमांक मागतात. तो ब्राझिलियन नागरिकाचा करक्रमांक. परदेशी माणसासाठी पारपत्राचा पर्याय त्याच पानावर असतो, जरा खाली शोधावा लागतो. तोही नसेल तर खिडकीवर तिकीट मिळतं. लोक एकमेकांना 'पिक्स'ने पैसे देतात, ते आपल्याला सहसा वापरता येत नाही. पण आंतरराष्ट्रीय कार्ड अगदी पास्तेलच्या (करंजीसारखा तळलेला पदार्थ) गाडीवरही चालतं. थोडी रोकड जवळ ठेवली की झालं.

पोर्तुगीज येत नसेल तर फोनमध्ये भाषांतराचं ॲप आधीच उतरवून ठेवा. हॉटेलच्या काउंटरपलीकडे इंग्रजीचा फारसा उपयोग होत नाही. लोक मात्र समजून घेतात, हातवारे करून रस्ता दाखवतात.

कुठे राहायचं, कसं फिरायचं

मेट्रोच्या हिरव्या किंवा पिवळ्या मार्गावरच्या स्थानकापासून दहा मिनिटांच्या आत हॉटेल घ्या. आवेनिदा पावलिस्ता, विला मारियाना आणि पिन्येरोस हे तिन्ही भाग चांगले. जुन्या शहरातल्या रेपुब्लिका भागात खोल्या स्वस्त मिळतात, पण रात्री तिथले रस्ते सुनसान होतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने त्या बचतीच्या मागे लागू नये.

मेट्रो स्वच्छ, वेगवान आणि समजायला सोपी आहे. बससकट सगळीकडे चालणारं 'बिल्येती उनिको' कार्ड घ्या, नाहीतर स्थानकावर क्यूआर तिकीट. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत निळ्या आणि तांबड्या मार्गांचा संगम असलेलं 'से' स्थानक टाळता आलं तर टाळा. ग्वारुल्योस विमानतळाजवळ रेल्वे पोहोचते खरी, पण बॅगा घेऊन गाड्या बदलण्यापेक्षा पहिल्या दिवशी ॲपवरची टॅक्सी बरी.

रविवार: आवेनिदा पावलिस्ता

शक्य असेल तर सहलीत एक रविवार यायलाच हवा. पावलिस्ता हा जवळपास तीन किलोमीटरचा रस्ता 1891 साली खुला झाला. कॉफीच्या मळ्यांवर गडगंज झालेल्यांनी इथे हवेल्या बांधल्या, पुढे त्या पाडून बँका आल्या. गेली काही वर्षं दर रविवारी तो गाड्यांना बंद असतो आणि चौकाचौकांत वादकांचे ताफे, स्केटिंग करणारी पोरं, नाचणारी म्हातारी जोडपी, पुस्तकं आणि कपडे विकणारे असा सगळा माहोल जमतो. दुपार कलली की गाड्या पुन्हा सुरू होतात, त्यामुळे सकाळी दहापर्यंत तिथे पोहोचा.

चालायला ब्रिगादेइरो स्थानकाकडून सुरुवात करा. त्या टोकाला 'काझा दास रोझास' आहे. 1935 सालची ही हवेली गुलाबांच्या बागेसकट वाचली आणि आता तिथे कवितेचं केंद्र चालतं. जवळच जपान हाऊस (लाकडी पट्ट्यांचा दर्शनी भाग केंगो कुमा यांचा), इताऊ कल्चरल आणि सेस्क आवेनिदा पावलिस्ता ही सांस्कृतिक केंद्रं. तिन्हीकडे प्रवेश मोफत. इताऊमध्ये ब्राझीलच्या पाच शतकांचे नकाशे, चित्रं आणि हस्तलिखितं कायमची मांडलेली आहेत. इतिहास समजून घ्यायला सुरुवातीलाच हे पाहिलं तर पुढची संग्रहालयं सोपी जातात. सेस्कच्या सतराव्या मजल्यावरून शहर किती अफाट पसरलंय ते दिसतं.

मग त्रियानोन उद्यान. अटलांटिक किनाऱ्यावरच्या मूळ जंगलाचा हा शिल्लक तुकडा, भर रस्त्यात एकदम गारवा. समोर लाल खांबांवर उभं आहे ते मास्प, म्हणजे साओ पावलो कला संग्रहालय, पण ते मंगळवारी पाहायचंय. कोन्सोलासांव स्थानकाच्या पुढे मोरेइरा सालेस संस्थेची इमारत लागते. ही फोटोग्राफीची संस्था, प्रवेश मोफत. इमारतीचा 'तळमजला' चक्क रस्त्यापासून पंधरा मीटर उंचीवर आहे, सरकत्या जिन्याने तिथे जायचं. छायाचित्रांची आवड असेल तर इथे तास-दोन तास सहज जातात.

एवढं सगळं एका रविवारी होत नाही. इताऊ, मोरेइरा सालेस आणि रस्ता एवढं झालं तरी पुष्कळ.

ज्यांना संगीताची ओढ आहे त्यांनी रविवारची सकाळ वेगळी घालवावी. सांव बेंतो मठात दहाच्या प्रार्थनेत भिक्षू ग्रेगोरियन पद्धतीचं गायन करतात. वाद्यमेळाच्या साथीशिवाय एका सुरात चाललेलं ते गाणं ऐकायला धर्माचा असावं लागत नाही. जागा हवी तर अर्धा तास आधी जा. बाहेर पडताना भिक्षूंच्या पाककृतींनी केलेले पाव आणि केक मठाच्या दुकानात मिळतात, ते स्वस्त नाहीत. तिथून मेट्रोने पावलिस्ताला दुपारपर्यंत येता येतं.

सोमवार: जुनं शहर, पायी

सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद. पण जुन्या शहराला कामाचाच दिवस हवा. शनिवार-रविवारी तिथली दुकानं-कचेऱ्या मिटलेली असतात आणि रस्ते ओस पडतात.

से स्थानकातून बाहेर पडलं की कॅथेड्रल आणि जवळच 'पातेओ दो कोलेजिओ'. 25 जानेवारी 1554 रोजी जेझुइट पाद्र्यांनी शहराचा पाया घातला ती ही जागा. आज दिसते ती इमारत मात्र विसाव्या शतकात पुन्हा बांधलेली, त्यामुळे फार वेळ घालवू नका. पुढे मार्तिनेली, 1929 सालची, शहरातल्या सुरुवातीच्या गगनचुंबी इमारतींपैकी एक. मग व्हियादुतो दो शा हा पूल ओलांडून महापालिका नाट्यगृह.

हे नाट्यगृह 1911 साली उघडलं. पॅरिसच्या ऑपेराची छाप त्यावर स्पष्ट दिसते. पण त्याचं खरं मोल फेब्रुवारी 1922 मधल्या 'आधुनिक कला सप्ताहा'त आहे. युरोपची नक्कल पुरे, असं म्हणत कवी, चित्रकार आणि संगीतकारांनी याच रंगमंचावर कार्यक्रम केले आणि प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. संगीतकार व्हिला-लोबोस पाय दुखावल्यामुळे एका पायात चप्पल घालून आला, तर लोकांना तोही 'आधुनिक' चाळा वाटला. ब्राझीलच्या आधुनिक कलेची गोष्ट इथून सुरू होते. आत पाहायचं असेल तर मार्गदर्शकासह फेरी आधी नोंदवावी लागते, सोमवारी जमली नाही तर दुसऱ्या दिवशी घ्या.

शेवटी कोपान. ऑस्कर निमायर यांनी आखलेली, इंग्रजी एस अक्षरासारखी वळत गेलेली ही इमारत 1966 साली पूर्ण झाली. तिच्यात 1160 घरं आहेत. एका खोलीपासून मोठ्या कुटुंबाच्या घरांपर्यंत सगळ्या ऐपतीची माणसं एकाच छताखाली. तळमजल्यावरच्या दुकानांतून मोकळेपणाने फिरता येतं. तिथे उभ्याने कॉफी घ्या आणि माणसं बघा.

मंगळवार: मास्प

मास्प मंगळवारी मोफत असतं. पण त्या दिवशीही वेळ इंटरनेटवर आधी नोंदवावी लागते आणि जागा लवकर भरतात. सकाळची पहिली वेळ पकडा.

ही इमारत लिना बो बार्दी यांची. इटलीत जन्मलेल्या लिना 1946 साली ब्राझीलमध्ये आल्या आणि इथल्याच झाल्या. मास्पची ही इमारत 1968 साली खुली झाली. सगळं दालन चार खांबांवर उचललेलं, खाली सत्तर मीटरहून जास्त लांबीची मोकळी जागा, मध्ये एकही खांब नाही. मोर्चे, सभा, मैफली सगळं या सावलीत होतं.

आत गेल्यावर आधी गोंधळायला होतं. चित्रं भिंतीवर नाहीतच. काँक्रीटच्या ठोकळ्यात रोवलेल्या काचेच्या तावदानांवर ती हवेत तरंगल्यासारखी उभी असतात आणि चित्राचं नाव, चित्रकार, साल हे सगळं पाठीमागे. लिनाचा हट्ट असा की आधी चित्र बघा, नाव नंतर. ही मांडणी 1990च्या दशकात काढून टाकली होती, 2015 साली ती परत आणली. म्हणून इथे एक युक्ती करा. एकदा सगळं दालन पुढून चाला आणि मागे अजिबात वळू नका. आवडलेली पाच चित्रं मनात धरा, मग त्यांच्या पाठी जाऊन वाचा. व्हॅन गॉग, सेझान, रेन्वार सगळे आहेत. पण कांदिदो पोर्तिनारीचं 'रेतिरान्तेस' चुकवू नका. दुष्काळाने गाव सोडून निघालेलं हाडकुळं कुटुंब आणि आभाळात गिधाडं, हे 1944 सालचं चित्र दुष्काळी भागातल्या माणसाला वेगळं समजावून द्यावं लागत नाही. याच चित्रकाराचा 'कॉफीचा शेतमजूर' 2007 साली पिकासोच्या एका चित्रासोबत इथून चोरीला गेला होता. चोरांना जेमतेम तीन मिनिटं लागली. काही आठवड्यांत दोन्ही चित्रं सापडली.

दुपारी पाकायेंबू मैदानातलं फुटबॉल संग्रहालय घ्या, मंगळवारी तेही मोफत असतं. ते स्टेडियमच्या प्रेक्षागारांच्या पोटात बांधलेलं आहे. करंडक आणि जर्सी यांपेक्षा रेडिओवरची समालोचनं आणि गर्दीचे आवाज यांवर तिथे भर आहे. फुटबॉलचं वेड नसलेल्यालाही आवडतं.

बुधवार: इबिरापुएरा

शहराला 400 वर्षं झाली म्हणून 1954 साली हे उद्यान खुलं झालं. इमारती निमायरच्या. मेट्रो अगदी दारात नाही, स्थानकावरून बरंच चालावं लागतं किंवा टॅक्सी.

आत पाहण्यासारखं खूप आहे, पण एकच निवडायचं तर आफ्रो ब्राझील संग्रहालय. बुधवारी ते मोफत असतं. शिल्पकार इमानोएल आराउजो यांनी 2004 साली ते उभं केलं. अमेरिका खंडात गुलामगिरी सगळ्यात शेवटी, 1888 साली, बंद झाली ती ब्राझीलमध्ये. साखर, सोनं, कॉफी यांतलं सगळं ज्यांच्या घामावर उभं राहिलं त्यांची हत्यारं, देव, दागिने, चित्रं इथे दाटीवाटीने मांडलेली आहेत. मांडणी पसरट आहे, फलक बहुतांशी पोर्तुगीजमध्ये. तरी दोन तास द्या. मग रस्त्यापलीकडे विद्यापीठाचं समकालीन कला संग्रहालय आहे. तेही मोफत, आणि त्याच्या गच्चीवरून सगळं उद्यान एका नजरेत येतं.

गुरुवार, शुक्रवार

गुरुवारी सेस्क पोम्पेया. व्यापारी आस्थापनांच्या पगारबिलावरच्या सक्तीच्या वर्गणीतून चालणारी सेस्क ही संस्था 1946 पासून आहे. तिची केंद्रं म्हणजे तरणतलाव, नाटक, वाचनालय, दंतवैद्य आणि स्वस्त जेवण हे सगळं एकाच आवारात. पोम्पेयाचं केंद्र लिना बो बार्दी यांनी पिंपांच्या जुन्या कारखान्यात उभारलं. विटांच्या शेड तशाच ठेवल्या, शेजारी काँक्रीटचे दोन मनोरे बांधले, ते हवेतल्या पुलांनी जोडले आणि एका मनोऱ्याला गुहेच्या तोंडासारख्या वेड्यावाकड्या खिडक्या दिल्या. पाहुणे म्हणून आत शिरा, कुणी अडवत नाही. बुद्धिबळ खेळणारे आजोबा, अभ्यासाला आलेली मुलं, प्रदर्शन बघणारे पर्यटक असे सगळे एकाच हॉलमध्ये बसलेले दिसतात. साओ पावलोत एकच इमारत बघायची असं कुणी म्हटलं, तर मी मास्प सोडून हीच सांगेन. संध्याकाळच्या कार्यक्रमाचं तिकीट काढा. चांगले गायक इथे माफक दरात ऐकायला मिळतात.

शुक्रवारी लिबेरदाजी. जपानी स्थलांतरितांचं पहिलं जहाज, 'कासातो मारू', 18 जून 1908 रोजी सांतोस बंदराला लागलं. कॉफीच्या मळ्यांवर राबायला आलेली ही माणसं पुढे शहरात आली. जपानी स्थलांतराचं संग्रहालय पाहा, मग गल्ल्यांत फिरा. पण लाल कमानी आणि कंदील पाहून निघून येऊ नका. त्याआधी हा भाग फाशीच्या मैदानाचा आणि गुलामांच्या दफनभूमीचा होता. एका चिंचोळ्या गल्लीच्या टोकाला 'आफ्लितोस' नावाचं छोटं देऊळवजा चर्च उरलं आहे. शागिन्यास नावाच्या सैनिकाला फाशी देताना दोर तुटला अशी आख्यायिका आहे, आणि लोक आजही त्याला नवस बोलायला या चर्चच्या दारावर टकटक करतात. शेजारच्या खोदकामात 2018 साली सांगाडे निघाले.

शनिवार: लूज

शनिवारी पिनाकोतेका आणि पोर्तुगीज भाषा संग्रहालय दोन्ही मोफत. पिनाकोतेका हे शहरातलं सगळ्यात जुनं कलासंग्रहालय, 1905 सालचं. बाहेरच्या विटांवर गिलावा कधी झालाच नाही. पावलो मेंदेस दा रोशा यांनी 1990च्या दशकात आतली अंगणं काचेने झाकली आणि मधून लोखंडी पूल टाकले. जुन्या इमारतीला हात कसा लावावा याचा हा वस्तुपाठ आहे. आल्मेइदा ज्युनियर यांचं तंबाखू कापत बसलेल्या खेडुताचं चित्र शोधा. ब्राझीलच्या चित्रकलेत अनवाणी माणूस इतक्या आब राखून पूर्वी क्वचितच आला होता. पिनाकोतेका मंगळवारी बंद पण सोमवारी उघडं असतं, हे पावसाळी सोमवारसाठी लक्षात ठेवा.

भाषा संग्रहालय समोरच्या 1901 सालच्या लूज स्थानकात आहे. 2015 साली आगीत ते जळलं, 2021 साली पुन्हा उघडलं. पोर्तुगीज कळत नसेल तर अर्धी मजा जाते, पण गोव्यातल्या घरात ती कानावर पडलेली असेल तर इथून निघवत नाही. संध्याकाळी जवळच्या साला सांव पावलोमध्ये राज्याच्या वाद्यवृंदाची मैफल असेल तर तिकीट काढा. रेल्वे स्थानकाच्या दालनात बांधलेल्या या सभागृहाचं छत संगीतरचनेनुसार वर-खाली करता येतं.

लूजच्या आसपास नशेच्या आहारी गेलेले लोक दिसतात. दिवसा मुख्य रस्त्यांनी, मेट्रोच्या दारापासून थेट संग्रहालयात जा. रात्रीच्या मैफलीला जाता-येता टॅक्सीच घ्या.

शाकाहारी माणसाने काय खायचं

'कार्ने' म्हणजे इथे फक्त लाल मांस. 'सेम कार्ने' (मांसाशिवाय) सांगितलं तर कोंबडी किंवा हॅम येऊ शकतं. फ्रांगो (कोंबडी), पेइशी (मासे), प्रेझुंतो (हॅम) तिन्ही नको असं वेगळं सांगा. राजम्यासारख्या काळ्या-तपकिरी घेवड्याच्या उसळीतही डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, विचारून घ्या. बुधवार आणि शनिवार फेजोआदाचे, म्हणजे काळ्या घेवड्याच्या आणि मांसाच्या रश्शाचे. ती मुळातच मांसाची, पण काही ठिकाणी शाकाहारी मिळते.

रोजच्या जेवणाला 'पोर कीलू' हॉटेलं उत्तम. ताट भरा, वजन करा, पैसे द्या. भात, उसळ, भाज्या, कोशिंबिरी आणि फळं यांवर पोट भरतं.

प्रत्येक मोहल्ल्यात ठरलेल्या वारी रस्त्यावर 'फेइरा' भरते, आपल्या आठवडी बाजारासारखी. हॉटेलवाल्याला विचारा, तुमच्या गल्लीतली कुठल्या वारी आहे. तिथे गरम चीजचा पास्तेल आणि उसाचा रस हा ठरलेला बेत. 'पांव जी केजू' हे चीजचे गोळे ज्या कंदाच्या पिठाचे होतात, त्याच कंदाचा आपला साबुदाणा. पण अंडं घालतात, उपासाला चालणार नाही. काजूच्या बोंडाचा रसही पिऊन बघा. काजू मूळचा ब्राझीलचा, गोव्यात तो पोर्तुगिजांनी आणला.

1933 सालच्या मध्यवर्ती बाजारात रंगीत काचा बघायला जरूर जा, पण फळवाल्यांपासून सावध. चवीला फोड हातात ठेवतात, मग भरमसाट दराने टोपली बांधून देतात. किलोचा भाव विचारल्याशिवाय हात पुढे करू नका.

फोन आणि ऋतू

इथे खरी भीती फोन हिसकावण्याची आहे. सायकल किंवा मोटारसायकलवरून येऊन हातातून ओढतात. नकाशा बघायचा तर दुकानात शिरा. बँकेची ॲप असलेला फोन हॉटेलात ठेवून साधा फोन घेऊन फिरणारे स्थानिकही आहेत. कुणी हिसकावलाच तर झटापट करू नका.

ऋतू आपल्या उलटे. जून-जुलै कोरडे आणि गार असतात, स्वेटर लागतो. चालायला हेच महिने बरे. डिसेंबर-जानेवारीत दुपारी धो धो पाऊस कोसळतो. कार्निव्हल हवा असेल तर फेब्रुवारी-मार्च. रस्त्यावरच्या मिरवणुका फुकट असतात, पण त्या आठवड्यात संग्रहालयांची वेळापत्रकं विस्कटतात. ऑगस्टच्या शनिवार-रविवारी बिशिगा या इटालियन वस्तीत आकिरोपिता मातेची जत्रा भरते, चर्चसाठी पैसे उभे करायला बायका पास्ता रांधून विकतात. आणि 1951 पासून चालत आलेलं बिएनाल हे कलाप्रदर्शन साधारण सप्टेंबरपासून इबिरापुएरात मोफत असतं, पण एका वर्षाआड. त्या वर्षी जाणार असाल तर बुधवारचा बेत दोन दिवसांत वाटा.